कारणाचा रकाना

आमच्या बचत गटाच्या धान्याच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, नाव, किती पायली, परत कधी, आणि कारण. वही मीच लिहिते, रकानेही मीच आखले होते. पाचवा चुकला होता. ते माझ्या ध्यानात येईपर्यंत एका घरातली दोन लेकरं महिनाभर अर्धपोटी झोपली.

धान्याचा ड्रम आम्ही 2016 च्या दुष्काळानंतर सुरू केला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमचा धारूरचा डोंगरपट्टा, इथं रेल्वे कुठली, टँकरच. पाण्याला टँकर होता, ज्वारीला कोण होतं? गटात आम्ही बारा जणी. जिची रास चांगली झाली तिनं पायली टाकायची, जिची बेताची तिनं मापटं, आणि तेही जमलं नाही तर बैठकीला नुसतं यायचं. पत्र्याचा ड्रम, तळाला आणि मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. नेलं तेवढंच सुगीत परत. जुन्या बायांना वाढीदिढी आठवत होती: एक पायली उसनी नेली की दीड पायली मोजून द्यायची. ती आपल्या ड्रमात शिरू द्यायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

आता त्या दोन लेकरांच्या आईविषयी. नाव लिहीत नाही, पण हे लिहू का, असं तिला विचारलंय.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती दोघांच्या मेहनतीवर फेडायची असते. जानेवारीत ट्रॉली उलटून तिचा नवरा गेला. दोन लेकरांना घेऊन ती गावी परत आली ती अर्धा कोयता होऊन. आमच्याकडं हा शब्द सगळे सहज बोलतात. मला तो ऐकवत नाही.

तेराव्याच्या आधीच मुकादम उचलीचं विचारायला आला. आम्ही सात जणी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. भांडलो नाही. वही उघडली आणि दोघांनी किती टन ऊस तोडला ते त्याच्याच तोंडून वदवून घेऊन लिहिलं. "राहिलेलं पुढं बघू," म्हणून तो उठला. अजून आलेला नाही.

तेव्हा मला वाटलं, आपला गट तिच्या पाठीशी आहे. आषाढात पावसानं ओढ दिली, खुरपणी थांबली, मजुरी बंद. ड्रममध्ये नऊ पायल्या ज्वारी होती. ती बैठकीला यायची, बचत टाकायची, ज्वारीचं नाव काढायची नाही. माहेरून येत असेल, असं मी धरून चालले. एकदा अर्जावर सही घ्यायला तिच्या घरी गेले. लेकरं ताटलीत मिठाच्या पाण्यात कालवलेला भाकरीचा चुरा खात होती. बाजूला पिठाचा डबा उघडा होता. डब्याच्या तळाला पीठ नव्हतं, बोटांनी पीठ गोळा केल्याच्या रेघा होत्या.

"अगं, ड्रम भरलेला असताना?"

"ताई, तुम्ही कारण लिहून घेता. बैठकीत वाचता. घरात कमावणारं कुणी नाही, हे दर पंधरा दिसाला सगळ्यांपुढं सांगू का?"

मला काही बोलताच आलं नाही. हिशोब चोख असावा, सगळ्यांसमोर वाचावा, हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. मदतीचे ट्रक यायचे, वरून कपड्यांचे गठ्ठे टाकायचे. आई सांगायची, कालपर्यंत घरात चार दाणे असलेल्या बाया ते सगळ्यांदेखत उचलायला जायच्या नाहीत. पुढं घरबांधणीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या, त्यात आईही होती. ती कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागून प्यायची आणि मगच विषय काढायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तो रकाना आखला.

पुढच्या बैठकीत वाद झाला. कारण विचारायचं नाही तर जिच्या घरी रास पडलीय तीही नेईल, असं दोघी म्हणाल्या. गटातली सगळ्यात म्हातारी आजी बोलली, "पायलीभर जवारीसाठी खोटं बोलायची पाळी आली, तर तिचीबी गरजच समजा की माय." ठरलं असं: दोन पायल्यांपर्यंत काही विचारायचं नाही. त्यापुढं लागली तर दोघींनी तिच्या घरी जाऊन बोलायचं. बैठकीत नुसती बेरीज वाचायची. ड्रम माझ्या ओसरीतून उचलून आजीच्या परसात ठेवला, तिथं मागच्या दारानं जाता येतं. मी पट्टी घेऊन पाचव्या रकान्यावर रेघा मारल्या. त्या श्रावणात चार जणींनी ज्वारी नेली. त्यातल्या दोघींनी त्याआधी कधीच नेली नव्हती.

बाहेर मात्र कारण सुटत नाही. संजय गांधी निराधार योजनेत तिला महिन्याला 1500 रुपये मिळू शकतात, बालसंगोपनाचे एका लेकराला 2250. पण निराधारसाठी वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. सासऱ्यांच्या नावावर कोरडवाहू जमीन आहे म्हणून तिचा दाखला दोनदा अडवला. सासरे थोरल्या दिराकडं राहतात, जमीनही तोच कसतो. हे ती प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून सांगते: नवरा कसा गेला, कधी गेला, आता घरात कोण. ती एकटी गेली की साहेब जेवायला गेलेले असतात. आम्ही तिघी गेलो की खुर्ची मिळते. म्हणून आता तिला एकटीला पाठवत नाही.

मंगळवारी परत जायचंय. धाकटा आजीकडं राहील. बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेवढे पैसे गटातून काढलेत. ड्रममध्ये साडेचार पायल्या उरल्यात आणि शाळू निघायला अजून अवकाश आहे. काढणीची मजुरी ज्वारीतच घेणार, आपल्या दोन पायल्या आधी ड्रममध्ये पडतील, असं तिनं परवा मला न विचारताच सांगितलं.