बाबांचा 'पीस' नव्या खुंटावर

डोळा धरला! बाबांच्या 'पीस' गुलाबाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, जानेवारीत मुळं असलेल्या दुसऱ्या रोपांवर, म्हणजे खुंटांवर, भरले होते; त्यांपैकी दोन जगले आणि त्यातल्या एकाचा फुटवा आता वीतभर झालाय.

थोडं मागचं सांगतो. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मागोमाग अंगणातला त्यांचा 'पीस'ही शेंड्याकडून काळा पडत खाली येऊ लागला. डायबॅकच, म्हणजे शेंड्याकडून फांद्या वाळत जाण्याचा रोग. हिरवं लाकूड लागेपर्यंत कापत गेलो, प्रत्येक कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली, तरी डिसेंबर उजाडेपर्यंत जिवंत अशी एकच काडी उरली. आई म्हणाली, "राहू दे रे आता." मला मात्र ते झाड असं जाऊ देववेना. नर्सरीत 'पीस' मिळतो, पण त्यावर बाबांच्या कात्रीचा एकही काप नसतो.

या गुलाबाची गोष्ट बाबा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे. फ्रान्समधले गुलाब-पैदासकार फ्रान्सिस मेयाँ यांच्याकडचं हे 3-35-40 क्रमांकाचं रोप. 1939 मध्ये युद्ध पेटायच्या सुमारास त्याच्या काड्या परदेशी रवाना झाल्या, त्यातल्या काही अमेरिकेत पोचल्या आणि तिथे 1945 मध्ये त्याचं 'पीस' असं बारसं झालं. फ्रान्समध्ये मात्र ते 'मादाम ए. मेयाँ' आहे, फ्रान्सिस यांच्या दिवंगत आईच्या नावाचं. जगातला प्रत्येक 'पीस' त्या एकाच रोपाच्या डोळ्यांतून आलाय. हे आठवलं आणि मी खुंट शोधायला लागलो.

खुंट पेन्सिलीएवढ्या जाडीचे घेतले. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं, म्हणजे साल सुटते. जमिनीलगत इंग्रजी टीसारखा काप घेतला. काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढताना पानाचा देठ तेवढा ठेवला, धरायला तोच लागतो. डोळा सालीखाली सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधला, टोक उघडं ठेवून. बाबा हे सगळं बोलत बोलत करायचे. माझा हात थरथरत होता, म्हणून मी श्वास रोखून धरायचो.

मग वाट बघणं. या दिवसांत सगळी खबर तो देठ देतो: पिवळा पडून बोटाच्या हलक्या धक्क्यानं गळाला की डोळा जगला, वाळून तसाच चिकटून राहिला की गेला. एकेक देठ चिकटलेलाच निघत होता तेव्हा फार वाईट वाटलं. आणि मग एक अलगद गळून तळहातावर आला. खाली डोळा हिरवागार! आईला हाक मारली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "यांना दाखवायला हवं होतं."

खुंटाचा शेंडा दोन टप्प्यांत छाटला. खुंटाचे स्वतःचे फुटवे दिसतील तसे काढतोय, नाहीतर तेच सगळं अन्न खातात. गेल्या आठवड्यात पहिली कळी आली. कडेला गुलाबी, आत पिवळसर. जिवावर आलं, तरी खुडली. रोपाची ताकद आत्ता मुळांत आणि फांद्यांत जायला हवी.

उन्हाळाभर दोन्ही कुंड्या हिरव्या जाळीखाली ठेवणार. पाणी सकाळीच, तेही बोटानं माती चाचपून. पावसाळा सरला की एक रोप अंगणात लावेन, पण जुन्या खड्ड्यापासून लांब. दुसरं सांगलीला आत्याकडे जाईल. तिची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा उंच करून त्यात वाळू आणि शेणखत मिसळायला सांगितलंय. तिनं जागा आखूनही ठेवलीय.