झ्लीनचे कागद कोणाचे?

बाटा ही भारतीय कंपनी आहे असं आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं. मी कोलकात्याजवळच्या बाटानगरवर काम करते. ती वसाहत 1934 मध्ये उभी राहिली, पण तिचा आराखडा चेक प्रदेशातल्या झ्लीनचा, म्हणजे जिथे बाटा कंपनी जन्मली त्या शहराचा. म्हणून झ्लीनमध्ये स्थानिक आणि परदेशी इतिहासकारांची बैठक ठरली तेव्हा मीही गेले.

बाटाचे कागद शहराबाहेर क्लेचूव्का गावात आहेत. खोकी आधी मागवायची, टिपणं पेन्सिलीनेच. तिथलं वैभव म्हणजे कामगारांची कार्डं. एकेका माणसाची खाती, बदल्या, पगार असं आयुष्य एका पुठ्ठ्यावर. परदेशी अभ्यासक सहसा एवढं बघत नाहीत. फोर्डचं अनुकरण, कामगारांवर पाळत, असा सिद्धांत ते सामानातच घेऊन येतात. स्थानिकांचं उलट. कारखान्यातल्या खांबांचं 6.15 मीटरचं माप तोंडपाठ, पण बाटानगरात कोण राबलं याची कोणाला फिकीर नाही.

वाद पेटला यान आंतोनीन बाटावरून. कंपनीचे संस्थापक, त्यांचे सावत्र भाऊ तोमाश 1932 मध्ये विमान अपघातात गेल्यावर कंपनी त्यांनीच सांभाळली. 1947 मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना शिक्षा झाली, 2007 मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. स्थानिक मंडळी यावर तावातावाने बोलत होती. मग कॅनडाहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "1945 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली नसती, तर हे कागद खाजगी कपाटात बंद राहिले असते. आपण सगळे त्या राष्ट्रीयीकरणावरच जगतोय."

खोटं काय होतं त्यात? पण बोलल्या त्या ज्या शहरात, त्याचं नावसुद्धा 1949 मध्ये कम्युनिस्ट नेते गोटवाल्ड यांच्यावरून गोटवाल्डोव्ह केलेलं, जुनं नाव 1990 मध्ये परत मिळालं. एक वयस्कर स्थानिक प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "ही भेट आम्ही मागितली नव्हती. आणि त्या काळात वाचायला आत कोणाला सोडत होते, हे विचारलंत का तुम्ही?"

बाईंनी विचारलं नव्हतं. प्राध्यापकांनीही मूळ मुद्द्याला उत्तर दिलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. अध्यक्ष लोकांना दुसरं येतं काय!

मला वाटतं दोघंही बरोबर होते, आणि हे त्यांना एकमेकांसमोर कबूल करणं जमलं नाही. माझ्या निबंधात बाटानगरचे सगळे आकडे क्लेचूव्काच्या कागदांतून आलेत. ते कागद तिथे कसे टिकले हे लिहायचं तर तळटीप पुरणार नाही, आणि मजकुरात घेतलं तर संपादक विचारतील, याचा भारताशी संबंध काय? बैठकीच्या अहवालात त्या प्रसंगाची नोंद 'उपयुक्त चर्चा' अशी आहे.