उन्हाळ्याचे चार आठवडे कोणाकडे?

यंदा एप्रिलमध्ये मला तीन ठिकाणांहून इंटर्नशिपसाठी होकार आला आणि दहा दिवस माझी झोप उडाली. मी इंदूरला बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुंबईच्या फोर्टमधली एक लॉ फर्म, इथल्या हायकोर्टाच्या खंडपीठातले एक सीनियर वकील आणि जिल्हा न्यायालयात वकिली करणारे बाबांचे मित्र (मी त्यांना काका म्हणते), अशी ती तीन ठिकाणं.

घरात सगळ्यांचं मत मुंबईकडे झुकलेलं. आजी तर म्हणाली, "अवंतिका एक्स्प्रेसनं जा, सकाळी पोचशील." पण फर्मला सहा आठवडे हवे होते. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. त्यातून पीजीचं भाडं चौदा हजार आणि स्टायपेंड पाच हजार. हायकोर्टाचं म्हणाल तर मे-जूनमध्ये तिथे सुट्टी असते, सुट्टीतल्या बेंचपुढे फक्त तातडीची प्रकरणं चालतात. सरांनी स्वतःच सांगितलं, "बेटा, तू डिसेंबरमध्ये ये. तेव्हा रोज काहीतरी ऐकायला मिळेल." त्यांच्या या मोकळेपणाबद्दल मी त्यांची खरंच ऋणी आहे.

तरी मुंबई मनातून जात नव्हती. मग ठरवलं, होकार-नकार कळवण्याआधी काकांच्या टेबलाशी एक दिवस बसून बघू.

एप्रिलच्या मध्यावरची गोष्ट. साडेदहाला पोचले तेव्हा काकांचे कारकून मुंशीजी फायलींना लाल नाडी बांधत होते. पहिल्या तासात मला फारसं काही कळलं नाही. ऑर्डरशीट हिंदीत, अक्षर घाईचं, आणि मी सगळा कायदा इंग्रजीत शिकलेली. 'पेशी', 'तामील', 'चालान' हे शब्द वहीत उतरवत राहिले.

दुपारी मल्हारगंजचे एक दुकानदार आले. त्यांना मिळालेला चेक परत आला होता. काकांनी कागद माझ्याकडे सरकवले. "तारखा काढ. फक्त तारखा."

चेकवर 12 फेब्रुवारी. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडला 17 फेब्रुवारीला. चेक देणाऱ्याला त्यांनी स्वतःच लिहून पाठवलेली पैशांच्या मागणीची नोटीस 24 मार्चची. न वटलेल्या चेकबद्दलचं कलम 138 परीक्षेत घोकलेलं होतं: मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, मग कोर्टात तक्रारीला एक महिना. बोटांवर मोजलं. 17 फेब्रुवारीपासून 30 दिवस 19 मार्चला संपत होते. नोटीस पाच दिवस उशिरा गेली होती. तक्रारीला उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण पाहून माफ करू शकतं, नोटिशीच्या उशिराला तशी सोय नाही. माझ्या घशाला कोरड पडली, कारण ते गृहस्थ माझ्याच तोंडाकडे बघत होते. "मॅडम, पैसा डूब गया क्या?"

मी काकांना हळूच म्हटलं, "सर, मुदत गेली."

"नोटिशीची गेली. चेकची गेली का?"

चेक तीन महिने चालतो. म्हणजे 12 मेच्या आधी तो पुन्हा बँकेत टाकता येत होता. परत आला, तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस. पहिल्या वेळी तक्रार केली नसली तरी दुसऱ्यांदा परत आलेल्या चेकवर खटला चालतो, असं सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये सांगितलेलं आहे. हा निकाल मी वर्गात शिकले होते, दहापैकी आठ मार्कही मिळवले होते. समोर माणूस बसलेला असताना मात्र तो मला आठवला नाही.

त्याच संध्याकाळी मी फर्मला नम्र नकार कळवला. आई दोन दिवस गप्प होती. बाबा एवढंच म्हणाले, "मित्राकडे जातेयस म्हणून वेळेत सूट मागू नकोस." मागितली नाही. मे महिन्यात रोज साडेदहाला टेबलाशी हजर होते.

चेक दुसऱ्यांदाही परत आला. या वेळची नोटीस काकांनी मला लिहायला दिली आणि तीनदा खोडून परत केली. चौथा मसुदा टाईप होऊन स्पीड पोस्टानं गेला, मेमो मिळाल्यापासून सहाव्या दिवशी. पोस्टाची पावती मी स्वतः फाईलला चिकटवली.