चाळिशीनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग : माझा अनुभव

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) झालेल्यांसाठीचा दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम. त्यासाठी बारावी आणि जीएनएम उत्तीर्ण असावे लागते, शिवाय राज्याच्या परिषदेकडे नर्स आणि मिडवाइफ (प्रसूतीसेविका) अशा दोन्ही नोंदण्या लागतात. जुन्या पद्धतीत मिडवाइफरी न केलेल्या पुरुष परिचारकांना त्याऐवजी ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निक, मानसिक आरोग्य, कुष्ठरोग, ऑर्थोपेडिक अशा मान्य विषयातले तेवढ्याच मुदतीचे प्रशिक्षण दाखवावे लागते. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) भगिनींचा रस्ता वेगळा. त्यांनी आधी जीएनएम करायचे. तिथे वयाची वरची मर्यादा ३५ आहे, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार एएनएम आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) यांना वयाची अट नाही. वय उलटले असे समजून अनेक जणी अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

कागदांत सगळ्यात जास्त अडते ते नाव. बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने, परिषदेची नोंदणी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या, आधार सासरच्या. पडताळणीच्या टेबलावर ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे कागदानेच सिद्ध करावे लागते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र, दोन्ही काढून ठेवा. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची सूचना निघण्याआधीच अर्ज करावा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी असते, त्याची तारीख पाहून घ्या. नोकरी सोडून घरी बसलेल्यांची नोंदणी हमखास संपलेली असते. जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मधल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र, अनुभवाचे दाखले आणि वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये असावे. हिपॅटायटिस बी लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. प्रवेश झाल्यावर सुरुवात केली तर पहिले वर्ष अर्धे सरेपर्यंत संरक्षण अपुरे राहते. पूर्वी लस घेतली असेल तर अँटी-एचबीएस (रक्तातली संरक्षक प्रतिपिंडे) तपासून घ्या, १० mIU/ml किंवा त्याहून जास्त हवे.

सरकारी सेवेत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि अध्ययन रजेचा लेखी आदेश हातात आल्याशिवाय फी भरू नका. बंधपत्रावर सही करण्याआधी त्यातली सेवेची मुदत आणि रक्कम दोन्ही वाचा.

आता हजेरी. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचे कारण कोणतेही असो. पदवी हातात पडण्याआधी तर प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के भरावे लागतात. घर सांभाळणाऱ्या बाईचे गणित मोठ्या विषयांत चुकत नाही, छोट्यांत चुकते. न्यूट्रिशनची थिअरी ३० तासांची, म्हणजे ६ तास बुडाले की संपले. घरातले एक लग्न आणि मुलाचा ताप एवढ्यातच ते जातात. म्हणून विषयवार वही ठेवावी, एकूण टक्केवारी पाहून निर्धास्त राहू नये. मेडिकल-सर्जिकलचे प्रॅक्टिकल २७० तासांचे, मॅटर्नल आणि चाइल्ड हेल्थचे प्रत्येकी २४० तासांचे. राहिलेली पोस्टिंग (वॉर्डातली ड्युटी) सुट्टीत भरून काढावी लागते.

अनुभवी परिचारिकेचा खरा कस लागतो तो व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) आणि प्रॅक्टिकलला. वर्षानुवर्षे केलेले काम हात आपोआप करतो, पण तो ज्या काळात शिकला त्या काळाचे करतो. जुन्या बॅचच्या जणींना सीपीआर (हृदय बंद पडल्यावरचे प्रथमोपचार) विचारला की 'एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन' येते. २०१० पासून क्रम बदलला आहे, आधी छातीवर दाब. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. जैववैद्यकीय कचऱ्याचेही तसेच. १९९८ च्या नियमांत रक्त लागलेला कापूस लाल पिशवीतही चालत असे आणि काळी पिशवीही होती. २०१६ च्या नियमांनुसार तो कापूस पिवळ्या पिशवीत. आयव्ही सेट, कॅथेटर, हातमोजे लालमध्ये, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. सुईला टोपण परत लावणे ही सवय तर मोडलीच पाहिजे, ती मार्कांपेक्षा जिवाशी जास्त संबंधित आहे. प्रसूतीगृहात बाळ जन्मल्यावर १ मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव रोखणारे औषध) १० युनिट स्नायूत. बाळाला तातडीने श्वास द्यावा लागत नसेल तर नाळ १ मिनिटाच्या आत बांधू नये, १ ते ३ मिनिटे थांबावे. टीटीची (धनुर्वाताची लस) जागा टीडीने (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) घेतली आहे. पार्टोग्राफ (प्रसूतीची प्रगती नोंदवण्याचा तक्ता) मात्र जपून: जुन्या सुधारित पार्टोग्राफमध्ये अ‍ॅक्टिव्ह फेज (प्रसूतीकळांचा वेगाचा टप्पा) गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ५ ला. कोणता तक्ता समोर आहे ते आधी पाहा आणि उत्तरात तसे लिहा.

यावर मला लागू पडलेला उपाय एकच. प्रत्येक प्रोसिजर तोंडाने पायरी म्हणत करायची, आणि प्रत्येक पायरीला 'का' जोडायचे. परीक्षक हात पाहतो तसा क्रम आणि कारणही विचारतो. वॉर्डात वेळ वाचवायला गाळलेली पायरी अशा वेळी लगेच उघडी पडते.

गणित रोज थोडे करा. ५०० मिली सलाइन ६ तासांत, सेट २० थेंबांचा (२० थेंब म्हणजे १ मिली): ५०० × २० ÷ ३६० म्हणजे मिनिटाला सुमारे २८ थेंब. मायक्रोसेटला ६० थेंबांचा मिली असल्याने तासाचे मिली हेच मिनिटाचे थेंब. मुलांच्या डोसमध्ये घोळ बाटलीवरच्या ताकदीमुळे होतो. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रति किलोने १८० मिग्रॅ, म्हणजे २५० मिग्रॅ प्रति ५ मिली सिरपचे ३.६ मिली, पण १२५ च्या सिरपचे ७.२ मिली. लेबल न वाचता नेहमीच्या चमच्याने दिले तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो.

केअर प्लॅनमध्ये (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) मार्क कुठे जातात तेही सांगते. निदानाच्या रकान्यात 'न्यूमोनिया' लिहिले की गेले, ते डॉक्टरांचे निदान. तिथे 'घट्ट कफामुळे इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स' (श्वासमार्ग नीट मोकळा न होणे) असे यायला हवे. उद्दिष्टात 'रुग्णाला बरे वाटेल' याला अर्थ नाही, '२४ तासांत श्वासाचा वेग २८ वरून २० वर' असे मोजता येणारे हवे. आपण रुग्णाला ओळखतो, त्यामुळे नोंद तोकडी होते. नुकत्या शिकलेल्या मुली इथे आपल्यापेक्षा पुढे असतात. त्यांच्या फाइल्स मागून वाचाव्यात, आणि त्यांना आपण कॅन्युला लावताना शीर कशी निवडायची ते दाखवावे.

पेपर इंग्रजीतून लिहायचे असतात, म्हणून इंग्रजी हा विषय ४० टक्क्यांना सुटतो एवढ्यावर थांबू नका. बाकी विषयांना थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये स्वतंत्र ५० टक्के लागतात. दुसऱ्या वर्षी प्रशासन आणि कम्युनिटी हेल्थ अनुभवावर बऱ्यापैकी निभतात. रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सला मात्र पहिल्या महिन्यापासून वेळ द्या. मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन हाताने, पायऱ्या लिहून सोडवता आले पाहिजे.

निकाल लागल्यावर परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करून घ्या आणि तिची प्रत देऊन सेवापुस्तकातही नोंद करवा. पदोन्नतीच्या वेळी सेवापुस्तक पाहिले जाते. घरात फ्रेममध्ये लावलेली पदवी तिथे पोहोचत नाही.