बाहीवर बांधलेला पट्टा

‘मॅडम, मला थायरॉईड आहे’ असं म्हणत कुणी समोर बसलं की मी म्हणायचे, ‘तो सगळ्यांनाच असतो हो, नसला तर पंचाईत.’ पेशंट हसायचे, मीही हसायचे. गेल्या उन्हाळ्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही.

उसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. खाली पंधरा खाटांचं हॉस्पिटल, वर आमचं घर. सोमवारी बाजार, त्यामुळे ओपीडीत ऐंशी-नव्वद माणसं. अशाच एका सोमवारी ती आईबरोबर आली. वय २३, बीएस्सी झालेली, स्थळं बघणं चालू. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.) गळून गेल्यासारखं होतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाळी पुढे पुढे जाते. रिपोर्ट हातात तयार होता. हल्ली तसंच असतं. गावात लॅबचं शिबिर लागतं, स्वस्तात ‘पूर्ण शरीर तपासणी’ होते आणि पन्नास आकड्यांतला जो ठळक छापलाय तोच आपला आजार, असं धरून लोक डॉक्टर गाठतात. डॉक्टरही तिथूनच सुरुवात करतात, हे मात्र मी आता म्हणू शकते. तिचा ठळक आकडा होता टीएसएच ११.८. (थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं हे संप्रेरक; थायरॉईड मंदावला की ते चढतं.) मी फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, थायरॉक्सिन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटिबॉडी) करून घेतलं. टी-फोर नॉर्मलच्या अगदी खालच्या काठावर, अँटी-टीपीओ ६०० च्या वर.

म्हणजे हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ साली चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथींचं वर्णन लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात लिम्फोसाइट पेशींनी ठाण मांडलेलं होतं. बाहेरच्या जंतूंशी लढायचं ते सैन्य घरातच घुसलेलं. तसं का, याचा उलगडा व्हायला १९५६ उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. माझ्या टेबलावरचा ६०० चा आकडा त्याच घराण्यातला.

थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासाने, दीड महिन्याने टीएसएच. सगळं मिळून सहा मिनिटं. पुढची पेशंट दारात उभीच होती.

त्या सहा मिनिटांत काय काय माझ्यासमोर ठेवलं गेलं होतं, ते मी नंतर केसपेपर घेऊन एकेक करून काढलं. वजन ४१ किलो, सहा महिन्यांत सात किलो उतरलेलं. थायरॉईड मंदावला की वजन चढतं. असं उतरत नाही. आई म्हणाली होती, “मॅडम, ही लोणच्याचा खार वाटीनं पिती. ताकात मीठ घातलं तरी वरनं आजून घेती.” त्यावर मी काय म्हणाले असेन? “मीठ कमी करा.” आई पुढे म्हणाली, “आन् रंग बघा की कसा काळवंडलाय, उन्हात जात न्हाई तरी.” मला वाटलं, स्थळं बघतायत, म्हणून रंगाची काळजी. गावातल्या एका डॉक्टरांच्या ‘शक्तीच्या इंजेक्शन’ने दोन दिवस बरं वाटतं आणि परत तसंच, हेही तिने सांगितलं. त्या डॉक्टरांवर मी मनातल्या मनात नाक मुरडलं. तसली इंजेक्शनं बहुतेक डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टिरॉईडची असतात. स्टिरॉईड दिलं की माणूस उभा राहतो, याचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

आणि बीपी ९२/६०. सिस्टरने ते पंजाबी ड्रेसच्या लांब बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलं. गर्दीत सगळीकडे असंच घेतात. “मुलींचं कमीच असतं,” असं म्हणून मी सही केली.

बाराव्या दिवशी रात्री दीडला बोलेरो दारात आली. तीन दिवस उलट्या, त्या दिवशी जुलाबही. बीपी लागेना, नाडी धाग्यासारखी, ग्लुकोमीटरवर साखर ४८. मे महिना, लग्नसराई, जेवणावळी. गॅस्ट्रो धरून सलाईन धावतं सोडलं, ग्लुकोज दिलं. दोन लिटर गेल्यावरही वरचं बीपी ऐंशीच्या पुढे सरकेना.

इथे मला माझ्या इलेक्ट्रोलाइटच्या मशीनबद्दल बोलायचंय. तीन वर्षांपूर्वी मी ते जुनं विकत घेतलं तेव्हा नवरा (तो सर्जन, त्याला अशा गोष्टी चैन वाटतात) म्हणाला होता, सॅम्पल शहरात पाठवलं तर सकाळी रिपोर्ट येतोच की. त्या रात्री सकाळ होऊ देण्याइतका वेळ नव्हता. चार मिनिटांत कागद बाहेर आला: सोडियम ११२, पोटॅशियम ६.४. सोडियम एवढं उतरलेलं बघून धडकी भरली, पण मला थांबवलं दुसऱ्या आकड्याने. ज्याला तीन दिवस उलट्या-जुलाब होतायत त्याचं पोटॅशियम उतरायला हवं. हिचं चढलेलं होतं. ईसीजीत टी-वेव्ह तंबूसारख्या टोकदार, चढलेल्या पोटॅशियमची खूण.

मी टॉर्च मागितला. हिरड्यांवर शाई सांडल्यासारखे डाग. तळहाताच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या. दुसरी शीर मिळवण्यासाठी सिस्टरने बाही कापली, तर कोपरावर तळहाताएवढा पांढरा चट्टा. कोड. आई मटकन खाली बसली. मुलगी जगतेय का नाही याची काळजी होतीच, पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते चोरी पकडल्यासारखं होतं. दोन वर्षं त्यांनी तो चट्टा लांब बाह्यांखाली लपवला होता. मी बाई. दार लावून बाही वर करायला सांगितली असती तर तिने केली असती.

एकाच अंगावर पांढरा चट्टा, काळ्या हिरड्या, ६०० ची अँटिबॉडी. जे सैन्य थायरॉईडमध्ये घुसलं तेच त्वचेच्या रंगपेशींत आणि तेच मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या, अंगातलं मीठ आणि बीपी सांभाळणाऱ्या दोन ॲड्रिनल ग्रंथींतही. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये ॲड्रिनल निकामी होण्याचा हा आजार लिहिला तेव्हा त्याच्या बऱ्याच रुग्णांत कारण क्षयाचं होतं, आणि आपल्याकडेही पहिला संशय क्षयाचाच घ्यावा लागतो. पण १९२६ मध्ये श्मिट नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने क्षयाचा मागमूस नसलेले दोन रुग्ण नोंदवले, ज्यांच्या ॲड्रिनल आणि थायरॉईड दोन्ही ग्रंथी पोखरल्या होत्या. श्मिट सिंड्रोम मी एमडीच्या परीक्षेला पाठ केलेलं. तोंडी परीक्षेत विचारलंही होतं, आणि मी सगळं बरोबर सांगितलं होतं.

हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे ॲड्रिनलचं स्वतःचं स्टिरॉईड, कॉर्टिसॉल, औषधाच्या रूपात. पण त्याआधी रक्त काढून ठेवणं भाग होतं, नाहीतर कॉर्टिसॉलचा खरा आकडा कायमचा हातचा जातो. एसीटीएचचं (ॲड्रिनलला हुकूम देणारं पिट्यूटरीचं संप्रेरक) सॅम्पल तर भलतंच नाजूक: जांभळ्या टोपणाची बाटली, लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा वेगळा काढून गोठवायचा. रात्री दोनला बर्फ कुठला? वर जाऊन घरातल्या फ्रीजमधला ट्रे आणला, मुलांच्या कुल्फीसकट.

पहाटे पाचला बीपी १०४/७०. साडेसहाला ती म्हणाली, “चहा मिळेल?” पण खरी कसोटी पुढेच होती. हायड्रोकॉर्टिसोन मिळालं की अडलेली लघवी सुटते आणि सोडियम भराभर चढू लागतं. फार झपाट्याने चढलं तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून दर चार तासांनी रक्त, सलाईनचा वेग कमी-जास्त. पहिल्या चोवीस तासांत ११२ वरून १२० वर आणलं. ह्या आठ आकड्यांचा मला अजूनही अभिमान आहे, आणि तो कुणाला सांगावा हे कळत नाही.

रिपोर्ट आले: कॉर्टिसॉल १.४, एवढ्या धक्क्यात ते १८ च्या वर असायला हवं होतं. एसीटीएच मशीनच्या मापापलीकडे. सीटी स्कॅनमध्ये ॲड्रिनल आक्रसलेल्या. क्षयात त्या बहुधा फुगतात किंवा त्यांत चुना साचतो.

तर मी केलं काय होतं? तिच्या ॲड्रिनल ग्रंथी महिनोन् महिने कशाबशा तग धरून होत्या. मंदावलेल्या थायरॉईडमुळे शरीराचा कारभारही मंद, आणि थोडंफार कॉर्टिसॉल पुरत होतं. थायरॉक्सिन दिलं की शरीराची मागणी वाढते आणि यकृत कॉर्टिसॉल अधिक वेगाने मोडून टाकतं. दिवाळं निघायला आलेल्या दुकानात मी खर्च वाढवला. म्हणूनच आधी स्टिरॉईड, मग थायरॉक्सिन, हा क्रम पुस्तकात ठळक अक्षरांत असतो.

आणि काळवंडणं? कॉर्टिसॉल कमी पडलं की पिट्यूटरी ओरडून ओरडून एसीटीएच सोडते, आणि ते त्वचेच्या रंगपेशींनाही चेतवतं. आई अगदी सुरुवातीला जे सांगत होती ते हेच.

अँटी-टीपीओ वाढलेल्या बायकांत ॲडिसन क्वचितच निघतो. दर शंभरातल्या दहाएक बायकांत ही अँटिबॉडी सापडते, आणि त्यातल्या पुष्कळजणी आयुष्यभर ठणठणीत राहतात. सगळ्यांचं कॉर्टिसॉल करत बसा, असं मी म्हणत नाहीये. माझं भांडण माझ्याशीच आहे. तो रिपोर्ट सांगत होता की हिची प्रतिकारशक्ती आपल्याच माणसांवर उलटलीय. मी तो वाचला ‘थायरॉईड पक्का’ असा. हल्लेखोर ओळखला आणि अजून कोणाच्या घरात शिरलाय हे विचारलं नाही.

पुण्याच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टनी थायरॉक्सिन बंद ठेवलं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आमच्या तालुक्यात एकाही दुकानात नव्हत्या. पुण्याहून मागवल्या, तर इथल्या मेडिकलवाल्याने त्या बघून ‘स्टिरॉईड आहे, जास्त दिवस खाऊ नका’ असा फुकटचा सल्ला दिला. दोन दिवस तिने त्या बंदही केल्या. मी त्याच्या दुकानात जाऊन भांडून आले.

दीड महिन्याने टीएसएच तपासला. थायरॉक्सिनशिवाय, फक्त कॉर्टिसॉलची भरपाई झाल्यावर, ५.९. कॉर्टिसॉलचा लगाम नसला की टीएसएच वर सरकतो, तेही पुस्तकात आहे. ११.८ मधला निम्मा भाग थायरॉईडचा नव्हताच. गोळी तेव्हा लागत तरी होती का, ह्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

गावात चर्चा झाली, ‘शक्तीच्या इंजेक्शननं बरी व्हायची, मॅडमच्या गोळीनं बिघडली.’ आमचा कंपाउंडर चिडून सांगायला आला. मी म्हटलं, बरोबर बोलतायत ते. आईला मात्र मी इतकं स्पष्ट सांगू शकले नाही. “गोळी जरा आधी सुरू झाली,” एवढंच म्हणाले. ती म्हणाली, “तुमच्यामुळं वाचली, मॅडम,” आणि मी ते ऐकून घेतलं.

पर्समध्ये ठेवायला मी तिला मराठीत कार्ड लिहून दिलं: उलट्या झाल्या किंवा शुद्ध हरपली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, चौकशी नंतर. आईने विचारलं, पाहुणे बघायला येतील तेव्हा हे दाखवायचं का? मुलगीच म्हणाली, “दाखवायचं.”

त्या आठवड्यात रात्री बसून मी वर्षभराचं रजिस्टर काढलं. नव्याने थायरॉक्सिन सुरू केलेले ६३ जण. वजन उतरलेल्या आणि बीपी शंभराखाली लिहिलेल्या चौघी निघाल्या. दोघींना बोलावून तपासलं, त्यांचं ठीक आहे. उरलेल्या दोघी ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या. त्यांचे नंबर मुकादमाचे आहेत, आणि मुकादम फोन उचलत नाही.