आबांचा पेला

परवा रविवारी अमळनेरच्या एका मंगल कार्यालयात आबा खुर्चीवर बसून ट्रम्पेट वाजवत होते. बँडवाल्याच्या घरात वाढलेल्यालाच ह्याचं अप्रूप कळेल. ३५ वर्षं त्यांनी ह्याच कार्यालयाच्या गेटपर्यंत वराती आणल्या. नवरदेव आत गेला की बँड बाहेर, लिंबाखाली.

निमित्त होतं चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजायचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. त्यांच्या 'अलबेला' चित्रपटातली (१९५१) जी गाणी खानदेशातला प्रत्येक बँड आजही वाजवतो, त्यांच्यातला पितळी झणका त्याच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी आणला. वराती नाचवणाऱ्या ह्या माणसाचं नाव आमच्या एकाही बँडवाल्याला ठाऊक नव्हतं, ह्याची मला फार खंत वाटते.

मलाही ते उशिराच कळलं. 'नादान'मधलं (१९५१) तलत महमूदचं 'आ तेरी तसवीर बना लूँ' आबांचं लाडकं गाणं. त्याचं संगीत चिक चॉकलेटचं आहे, तो ट्रम्पेट वाजवायचा, असं मी सांगितलं तेव्हा आबा ताट बाजूला सारून बसले. म्हणाले, "मंग तो आमना मानूस शे." कार्यक्रम तिथेच ठरला. लग्नसराई संपलेली, गणवेश ट्रंकेत गेलेले, सगळे मोकळे होते. पारोळ्याचा क्लॅरिनेटवाला आला, चोपड्याहून दोघे आले.

अडचण निघाली ती आवाजाची. वरातीत ट्रम्पेट ढोलाच्या वर चढवावा लागतो, डीजेशी झुंजावं लागतं. आयुष्यभर छातीतून जोर लावलेल्या माणसाला हळू वाजवणं जड जातं. फुंक कमी केली की सूर फाटतो, कारण ओठांचा ताण तेवढाच ठेवून वारा मात्र बारीक सोडावा लागतो. आबा १५ दिवस मागच्या खोलीत एकेक सूर लांबवत बसले. ओठ सुजले. आईने रोज तूप लावून दिलं. जॅझवाले ट्रम्पेटच्या तोंडावर झाकण धरून आवाज मऊ करतात, ते मी त्यांना फोनवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला उचलला. थोडा आत, थोडा बाहेर. सूर आधी कण्हल्यासारखा यायचा, मग हळूहळू बोलल्यासारखा यायला लागला.

रविवारी साठेक माणसं होती. 'शोला जो भडके'ला पोरं नाचली, ते होणारच होतं. मग आबांनी पेला धरून तलतचं गाणं घेतलं. मागे फक्त युफोनियम, ते जाड आवाजाचं पितळी वाद्य. ढोल बंद. दुसऱ्या कडव्यात एक सूर निसटला. आबा थांबले, श्वास घेतला आणि ती ओळ पहिल्यापासून वाजवली. कोणी हललं नाही. पंखे बंद करा, असं मागून कोणीतरी हळूच म्हणालं आणि खरंच बंद केले.

नंतर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. कार्यालयाच्या मालकांनी वादकांना पहिल्या पंगतीला बसवलं.

आई अजून पेला शोधते आहे. तो ट्रम्पेटच्या पेटीत आहे, मखमली फडक्यात गुंडाळून.