नंदुरबारचा प्राणवायू
२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मोठ्या शहरांत रुग्णांचे नातेवाईक रिकामे सिलिंडर घेऊन वणवण करीत असताना, आमच्या नंदुरबारमध्ये हवेतला नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे चालू होती, कारण जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने पहिले संयंत्र सप्टेंबर २०२० मध्येच उभे राहिले होते. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. मात्र नुसत्या यंत्राने भागत नाही. प्राणवायूवर लक्ष ठेवण्यासाठी वॉर्डात खास परिचारिका नेमलेली असे. रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा स्थिरावेपर्यंत ती थांबे, मग फ्लोमीटरचा नॉब हळूच फिरवून प्रवाह गरजेपुरता ठेवी, आणि जेवताना कोणी मास्क काढला, तर वाया जाणारा प्राणवायू आठवणीने बंद करी.